दारावरचा शिपाई

गेल्या वर्षीच्या वार्षिकांकातील २३ लेख, १७ कविता आणि प्राचार्यांचे मनोगत एवढे सारे साहित्य एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा अर्धी रात्र नाहीसे झाले होते. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. संपादक मंडळाला नाही, सरांना नाही, आणि ज्यांच्या कविता होत्या त्यांना तर नाहीच. अंक वेळेवर निघाला, सर्वांनी तो चाळला, आपापले छायाचित्र शोधले आणि विषय मिटला. परंतु यंदाही टंकलेखनाचे काम माझ्याकडेच आले आहे. तेव्हा कबुली देऊन टाकलेली बरी.

प्रथम त्या यंत्राविषयी. माझा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. माझ्या आधी तो कोणाकोणाकडे नांदला हे मला ठाऊक नाही, पण त्याच्या कळफलकावरची काही अक्षरे पार झिजून गेली आहेत. बकरी ईदच्या आधीच्या बाजारात आबांनी दोन बोकड विकले आणि त्या पैशांत तो घेतला. त्यामुळे आमच्या घरात बरेच दिवस त्याचे नाव 'बोकड' असेच होते. "बोकड झाकून ठेव, धूळ बसंल," असे आई म्हणे. त्याची बॅटरी पूर्वीच कामातून गेली आहे. वायर काढली की तो त्या क्षणी डोळे मिटतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या एका यंत्रात दोन घरे आहेत. एकात विंडोज १० राहते, दुसऱ्यात लिनक्स मिंट. दोन्ही एकाच हार्ड डिस्कवर, पण एका वेळी एकच जागे असते. विंडोज हवी ती टंकलेखनासाठी. आमच्या भागातील छापखाने अजून जुन्या वळणाच्या फाँटवर चालतात. श्री-लिपीत मजकूर टाइप करायचा, पेजमेकरमध्ये पाने लावायची, अशी तिथली रीत. युनिकोडमधला मजकूर नेला की जोडाक्षरे फुटतात आणि छापखान्यातला माणूस आपल्याकडे असे बघतो की जणू आपणच ती फोडली. मग लिनक्स कशासाठी? तर विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा ठरला होता व संपलाही, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा बोकड तिसऱ्या पिढीचा. विंडोजवर तो चुलीवरच्या डाळीसारखा शिजत बसे; लिनक्सवर मात्र अगदी तरुण होई.

हे दुसरे घर बांधून दिले ते माझ्या मावसभावाने. तो पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. दिवाळीला आला असताना त्याने एका दुपारी हे काम उरकले, आणि जाताना माझ्या इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी लिहून दिली. '१ राखीव, २ सी, ५ डी, ६ लिनक्स, ७ स्वॅप.' मी विचारले, "दादा, तीन आणि चार कुठं गेले?" तो म्हणाला, "जुन्या पद्धतीत डिस्कचे चारच मोठे भाग करता येतात. जास्त हवे असतील तर त्यातला एक नुसता वाडा समजायचा आणि त्याच्या आत खोल्या काढायच्या. त्या आतल्या खोल्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. आपला तीन नंबर हा वाडा आहे, चार नंबर काढलाच नाही." मला त्यातले काही कळले नाही. ते पान मात्र फाडले नाही, हे माझे नशीब.

तेव्हापासून यंत्र सुरू केले की आधी एक काळा पडदा येई, त्यावर दोन नावे येत, आणि दहाएक सेकंदांत आपण बाण वर-खाली करून कुठल्या घरात जायचे ते सांगायचे. या दारावरच्या शिपायाचे नाव ग्रब. त्याच्याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. शिपायाकडे कोण बघतो?

या दोन घरांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, हे मात्र लवकरच लक्षात आले. घड्याळाचेच पाहा. यंत्राच्या आतील घड्याळात जी वेळ असते ती विंडोज इथली, म्हणजे भारतीय वेळ समजते; लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजते व त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवते. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे. एकदा पहाटे साडेसहाला आबा चहा घेऊन आले तर पडद्यावर रात्रीचा एक वाजलेला. "तुझ्या बोकडाचं अजून उजाडलं न्हाय वाटतं," ते म्हणाले. पुढे लिनक्सला एका आज्ञेने बजावले की बाई, ही वेळ इथलीच आहे, तेव्हा भांडण मिटले.

आता त्या रात्रीकडे येतो. फेब्रुवारीचा महिना होता आणि मजकूर छापखान्यात द्यायला चार दिवस राहिले होते. सर्व साहित्य मी विंडोजमध्ये टाइप करून ठेवले होते. दुसरी प्रत? नव्हती. पेन ड्राइव्ह एका वर्गबंधूने चित्रपटांसाठी नेला होता तो नेलाच. बहुतेकांची हस्तलिखिते कोणाच्या तरी घरी सापडली असती, रडतकुढत पुन्हा टाइप करता आली असती. परंतु त्यात तीन कविता अशा होत्या की ज्यांचे हस्तलिखित उरले नव्हते. आमच्या एका वर्गभगिनीने त्या मला वहीत लिहून दिल्या होत्या, टोपणनावाने छापायच्या अटीवर. टाइप झाल्यावर तिने वही परत घेतली आणि माझ्या देखत ती पाने फाडून त्यांचे बारीक तुकडे केले. घरी वही कोणाच्या हाती लागली तर कॉलेज बंद होईल, एवढेच ती म्हणाली. म्हणजे त्या तीन कविता पृथ्वीवर एकाच ठिकाणी होत्या: माझ्या बोकडाच्या पोटात.

त्या रात्री विंडोजने तक्रार केली की सी ड्राइव्ह भरला. लाल पट्टी दिसू लागली. मी पाहिले, तर शेजारी डी ड्राइव्ह ४० जीबीचा, अगदी रिकामा. मनात म्हटले, रिकामी खोली ठेवायची कशाला? ती पाडू आणि जागा शेजारच्या खोलीला जोडू. डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो, डी वर बोट ठेवले आणि 'डिलीट' म्हटले. खोली पडली. पण सी वाढवण्याची ओळ फिकटच राहिली, तिच्यावर बोट उमटेना. (ती जागा वाड्याच्या आतली होती आणि सी वाड्याच्या बाहेर, हे आज कळते.) वाटले, एकदा बंद करून चालू केले की होईल.

बंद केले. चालू केले. काळा पडदा आला, पण त्यावर दोन नावे नव्हती. दोन ओळी इंग्रजी आणि खाली एक लुकलुकणारी रेघ. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असे मी किती वेळा केले ते मोजले नाही. विंडोज नाही, लिनक्स नाही, काही नाही. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच. डोळे मिटले की कागदाचे बारीक तुकडे दिसत.

सकाळी कॉलेज बुडवून तालुक्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकानदाराने पडदा उघडला, एक क्षण पाहिले, आणि डॉक्टर नाडी सोडतात तसा हात सोडला. "विंडोज उडाली. फॉरमॅट मारावा लागेल. सहाशे रुपये. आतलं काही मिळणार नाही, आधीच सांगतो." सहाशे रुपये खिशात असते तर मी तिथल्या तिथे दिले असते, कारण त्या क्षणी मला फक्त ते यंत्र चालू झालेले बघायचे होते. माझ्याजवळ होते एकशे चाळीस. "संध्याकाळी येतो" म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून मी परतीची एसटी धरली. फॉरमॅट म्हणजे दोन्ही घरांवरून नांगर फिरवणे. पैसे नसल्यामुळे काही वाचले असे आयुष्यात फार वेळा होत नाही.

घरी येऊन ते पुन्हा वायरला जोडून बसलो. आबा रानातून आले. त्यांना सही येते; बाकी अक्षरांशी त्यांचा व्यवहार नाही.

"काय म्हणला दुकानवाला?"

"फॉरमॅट म्हणला. समदं पुसायचं."

"पुसायचं? आन् तुझं कालिजाचं?"

"त्ये बी जाणार."

आबा वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग बोट न लावता म्हणाले, "हितं काय तरी लिवलंय की. काय लिवलंय?"

"काय न्हाय आबा, इंग्लिश हाय."

"इंग्लिश हाय ते मला बी दिसतंय. लिवलंय काय?"

मला उत्तर देता आले नाही. कारण मी ते वाचलेच नव्हते. काल रात्रीपासून त्या दोन ओळी शंभर वेळा डोळ्यांसमोर आल्या असतील, पण माझ्या लेखी तो नुसता काळा पडदा होता. दुकानदारानेही त्या वाचल्या नव्हत्या. वाचायला सांगितले ते ज्यांना वाचता येत नाही त्यांनी. मला शरम वाटली, आणि त्या शरमेने मी वही ओढली व अक्षर न् अक्षर उतरवून काढले. 'एरर: अननोन फाइलसिस्टम. एंटरिंग रेस्क्यू मोड.' आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू'. रेस्क्यू म्हणजे सुटका, बचाव. यंत्र मेलेले नव्हते. मला समोरचे ओळखता येत नाही, मी बचावाच्या पवित्र्यात थांबलो आहे, काय करू ते सांगा, असे तो शिपाई काल रात्रीपासून उभा राहून विचारत होता.

आमच्या घरात फोनला रेंज येत नाही. ती येते मारुतीच्या देवळामागच्या चौथऱ्यावर, घरापासून दीडशे पावलांवर. आणि लॅपटॉप वायरीला बांधलेला. तेव्हा पुढचा सारा उपचार असा झाला की रोगी घरात, डॉक्टर पुण्यात आणि मी मध्ये वही घेऊन धावतोय. दादा दुकानात होता. मी म्हटले, येऊन-जाऊन फोटो काढतो नि पाठवतो. तो म्हणाला, "फोटो नको. गिऱ्हाईक आहे समोर, मला बघायला वेळ नाही. काय लिहिलंय ते वाच." मी वहीतून वाचले. "शाबास," तो म्हणाला, "आता आधी काय केलं होतंस ते सांग." मी सांगितले. तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "घरी जा आणि त्याला विचार, तुला काय काय दिसतंय. एल एस. लहान अक्षरांत. आणि एंटर."

बचावाच्या पवित्र्यातल्या ग्रबला फार थोड्या आज्ञा कळतात. नेमक्या चार: दाखव, ठरव, ठरवलेले विसर, आणि अमका भाग जोडून घे. त्यातली पहिली ही. मी धावत गेलो, टाइप केली. पडद्यावर कंसांची एक रांग उमटली: एचडी०, एचडी० मधला एमएसडॉस ६, मग ५, मग २, मग १. उतरवून घेतले, चौथऱ्यावर गेलो, वाचून दाखवले. दादा म्हणाला, "आता प्रत्येकाला वेगळं विचार, तुझ्या पोटात काय आहे. एल एस, जागा सोड, कंस सुरू, एच डी शून्य, स्वल्पविराम, एम एस डॉस सहा, कंस पुरा, तिरकी रेघ. असं प्रत्येकाला."

सहाला प्रथम विचारले, कारण वहीतल्या यादीप्रमाणे लिनक्स सहात होते. उत्तर: ओळख पटत नाही. माझ्या पोटात गोळा आला. दोनला विचारले, दोन म्हणजे सी, म्हणजे विंडोज, म्हणजे त्या कविता. ओळख पटत नाही. एकला विचारले. तेच. आता उरला पाच, आणि पाच तर मी स्वतः काल रात्री पाडला होता. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. केवळ दादा विचारील म्हणून टाइप केले.

आणि पाच बोलला. एकामागून एक नावे उमटली: बूट, ईटीसी, होम... आणि अगदी आरंभी एक नाव, 'लॉस्ट फाउंड', मध्ये अधिकचे चिन्ह. हरवले अधिक सापडले. लिनक्सच्या डिस्कवर या नावाची एक पेटी सहसा असतेच असे नंतर कळले, पण त्या क्षणी मला ती खास माझ्यासाठी मांडून ठेवल्यासारखी वाटली.

मी वहीतली यादी आणि पडद्यावरची रांग शेजारी शेजारी धरली. यादीत सात होता. पडद्यावर सात नव्हता. आणि एकदम मला आपल्या कॉलेजातला माझा पहिला दिवस आठवला.

जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, त्या वर्षी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली होती, आणि पुढच्या सर्व खोल्यांचे क्रमांक एकेकाने मागे आले होते. वेळापत्रक मात्र जुनेच लावलेले. त्यावर आमचा वर्ग खोली क्रमांक १२ मध्ये होता. दारावरच्या मामांनीही "बारा" असेच सांगितले. मी बारामध्ये गेलो तर आत मोडकी बाके आणि व्हॉलीबॉलची जाळी. मला वाटले, आपल्याला प्रवेशच मिळालेला नाही. आमच्या घरातून कॉलेजच्या दारापर्यंत त्याआधी कोणी आलेले नव्हते. अशा वेळी विचारायचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हे मला माहीत नव्हते. मी पाऊण तास त्या जाळीशेजारी उभा राहिलो. वर्ग शेजारच्या खोलीत, अकरात, चालू होता. सरांचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता.

इथेही तेच घडले होते. पाच पडला म्हणून सहाचा पाच झाला आणि सातचा सहा. घर जिथल्या तिथे, एक वीटही हललेली नाही. फक्त दारावरची पाटी बदलली. शिपायाच्या मनात मात्र जुनीच पाटी पक्की. तो इमाने-इतबारे सहात गेला, तिथे त्याला स्वॅप भेटला, ज्यात वाचण्यासारखे काहीच नसते, आणि तो दारातच थांबला.

चौथऱ्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. "दादा, सहाचा पाच झालाय!" दादा हसला. "ते मला मघाशीच कळलं होतं. तुला कळतंय का बघत होतो." मग मी भीत भीत दोनचे विचारले. विंडोज ओळखू येत नाही म्हणतो, ती गेली का? दादा म्हणाला, "गेली नाही रे. विंडोजच्या घरातली भाषा वेगळी. ती वाचायचं पुस्तक त्याच्याजवळ आत्ता नाही. मला गुजराती वाचता येत नाही म्हणून गुजराती माणूस मेला का?"

त्याने चार ओळी सांगितल्या. पहिली, मूळ घर कोणते: पाच. दुसरी, तुझे सामान कुठे ठेवले आहे: पाचमधल्या बूटच्या आतल्या ग्रबमध्ये. तिसरी, तिथून 'नॉर्मल' नावाचा भाग जोडून घे. चौथी, नुसते 'नॉर्मल'. पहिल्या खेपेस चुकलो. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी जागा सोडली, टंकलेखकाची सवय; शिपायाला ते चालेना. परत दीडशे पावले. दुसऱ्या खेपेस चौथी ओळ टाइप करून एंटर दाबले आणि पडदा क्षणभर पुसला जाऊन ती दोन नावे समोर आली. लिनक्स मिंट. विंडोज १०. रात्रीचे बारा वाजून गेले होते. आबा भिंतीला टेकून जागेच होते.

मी अर्थातच प्रथम विंडोजमध्ये गेलो. सारे लेख जागेवर, सतराच्या सतरा कविता जागेवर. त्या तीन कविता मी उघडून पाहिल्या, वाचल्या मात्र नाहीत. वाचण्याची ती वेळ नव्हती. यंत्र बंद केले आणि गाढ झोपलो.

सकाळी चालू केले तर पुन्हा 'ग्रब रेस्क्यू'.

या वेळी मात्र देवळाकडे धावलो नाही. वही उघडली, चार ओळी टाइप केल्या, आत गेलो. चहा निवायच्या आत. मग सावकाश जाऊन दादाला विचारले की हे रोज करायचे का. तो म्हणाला, "तू त्याला तोंडी सांगितलंस. तोंडी सांगितलेलं वीज गेली की जातं. आता लिनक्समध्ये जा आणि त्याला लेखी दे." ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब अशा दोन आज्ञा, एकाला पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे, कुठल्या खोलीचे नव्हे. एवढे केले आणि शिपायाने नवी पाटी लिहून घेतली. त्यानंतर त्याने कधी मला अडवलेले नाही.

लेखी म्हणजे कुठे, ते पुढे मी समजून घेतले, आणि मला त्याचे फार आश्चर्य वाटले. जुन्या पद्धतीच्या यंत्रात वीज आली की सर्वप्रथम बायोस नावाची छोटी आज्ञावली जागी होते. तिला डिस्कवरचे एकच ठिकाण ठाऊक असते: अगदी पहिले ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट म्हणजे चार मोठ्या भागांची नोंद, प्रत्येकी १६ बाइट; शेवटचे दोन म्हणजे खूण. उरले ४४६. एवढ्यात सारी सुरुवात बसवायची. युनिकोडच्या रूढ पद्धतीत आपले देवनागरी अक्षरचिन्ह एकेक ३ बाइट घेते; म्हणजे ४४६ बाइटमध्ये १४८ चिन्हे. या परिच्छेदातली पहिली तीन वाक्येसुद्धा त्यात मावणार नाहीत. तेवढ्या जागेत ग्रबचा पहिला तुकडा राहतो, आणि त्याला फक्त दुसरा तुकडा कुठे आहे ते माहीत असते. दुसरा थोडा मोठा. त्याला डिस्कवरचे एक घर वाचता येते आणि त्याचा पत्ता पाठ असतो. तिसरा त्या घरात. तो आला की दोन नावांचा पडदा येतो. 'बूट' हा शब्दही असाच आलेला: आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर ओढणे, या इंग्रजी म्हणीतला तो बूट. माझ्या यंत्रात बिघडली होती ती फक्त दुसऱ्याच्या पाठांतरातली एक संख्या.

ग्रब १९९५ मध्ये एरिक बोलीन याने लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये ग्नू प्रकल्पाने तो आपला मानला. नावाचा विस्तार 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर'; भौतिकशास्त्रातल्या महाएकीकरण सिद्धांताची ती थट्टा आहे. इंग्रजीच्या तासाला शब्दकोश चाळताना ग्रब म्हणजे अळी असेही आढळले. त्याआधी लिलो नावाचा शिपाई असे. तो घराचे नाव लक्षात न ठेवता डिस्कवरची नेमकी जागाच पाठ करी. आतली वस्तू बदलली आणि त्याला पुन्हा पढवायचे राहिले की तो हमखास अडे. त्या मानाने आमचा शिपाई शहाणा म्हणायचा. किमान थांबून विचारतो तरी.

तेव्हापासून वसतिगृहात माझी ख्याती झाली आहे. कोणाचा लॅपटॉप अडला की रात्री दार वाजते. नव्या यंत्रांत रचना वेगळी आहे. तिथे डिस्कवर एक लहान स्वतंत्र भाग असतो, त्यात प्रत्येक घराचा शिपाई वेगळा बसतो, आणि कोणाला आधी विचारायचे ती यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. तिथला नेहमीचा तंटा म्हणजे यादीत विंडोज वर सरकते आणि लिनक्स 'गायब' होते. एफ १२ किंवा तत्सम कळ दाबून यादी उघडायची व क्रम बदलायचा, दोन मिनिटांचे काम. पण तेवढ्यावरून फॉरमॅट मारलेले दोन जण मला भेटले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षाविषयक सुधारणेनंतर अनेक ठिकाणी जुन्या लिनक्स शिपायांची ओळखपत्रेच नामंजूर झाली आणि दोन घरांची यंत्रे जगभर अडली. तिथेही घरे शाबूत होती. सुरक्षेचा पहारा तात्पुरता उठवून, शिपाई नवा करून, पहारा पुन्हा बसवायचा होता. आलेल्या प्रत्येकाला मी प्रथम एकच विचारतो, पडद्यावर काय लिहिलंय? "काही नाही, काळा झालाय," हे उत्तर ठरलेले. मला हसू येते, पण हसण्याचा अधिकार मला नाही.

ते ४० जीबी अजून तसेच रिकामे पडून आहेत. त्यांना हात लावण्याची माझी हिंमत होत नाही. पेन ड्राइव्ह आता दोन आहेत, आणि चित्रपटांसाठी कोणालाही मिळणार नाहीत.

अंक निघाला त्या दिवशी ती वर्गभगिनी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली. तिने आपले पान उघडून बघितले, टोपणनावावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "तिसऱ्या कवितेत एक अनुस्वार सुटलाय." ती चूक मी तिथेच मान्य केली. दुसरी आज करतो आहे.